शिक्षकाला काय द्यावे? वऱ्हाडातील शिधा, डाली आणि नाताळभेट

अमरावती आणि अकोला या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुट्टी लागण्याच्या सुमारास वर्गशिक्षिकेला काही भेट द्यावी की नाही, आणि द्यायचीच झाली तर काय द्यावी, हा प्रश्न अनेक पालकांपुढे उभा राहतो. परक्या सणाबरोबर आलेला, शहरी आणि अगदी अलीकडचा असा तो वरवर पाहता वाटतो; परंतु वऱ्हाडात हा प्रश्न नाताळाच्या कितीतरी आधीपासून विचारला जात आला आहे आणि त्याचे उत्तर दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत गेले आहे. शिक्षकाच्या हातावर ठेवलेली वस्तू कोणत्या काळी त्याचा हक्क मानली गेली, कोणत्या काळी कृतज्ञता आणि कोणत्या काळी लाच, हे त्या वस्तूच्या किमतीपेक्षा त्याच्या चुलीची तजवीज कोण करीत होते यावर अवलंबून राहिले. हा धागा धरल्याशिवाय नाताळभेटीचा आजचा संकोच नीट उलगडत नाही.

इंग्रजी अंमलापूर्वी मराठी मुलखात लेखन, वाचन आणि हिशेब शिकवणाऱ्या खाजगी शिक्षकाला पंतोजी म्हणत. त्याच्या शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. देशमुखाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा एखाद्या सावकाराची पडवी एवढ्यावर तिचे भागे. मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, काडीने अक्षरे गिरवीत आणि पुढे मोडी लिपीतील पत्रलेखनापर्यंत पोहोचत. तोंडी हिशेबासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके सामूहिक घोकंपट्टीने पाठ करून घेतली जात, ज्यांतील शेवटची औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा होय. अशा शाळांविषयी मुंबई इलाख्यात १८२० ते १८३० या दशकात जी सरकारी चौकशी झाली, तिची कागदपत्रे रा. वि. परुळेकर यांनी १९४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती चौकशी निजामाच्या ताब्यातील वऱ्हाडाला लागू नव्हती हे खरे, तथापि लिपी, अभ्यासक्रम आणि गावरचना सारखीच असल्याने पंतोजीच्या मिळकतीचे जे चित्र तीतून दिसते ते वऱ्हाडालाही बव्हंशी जुळणारे मानता येते. प्रत्येक घराच्या ऐपतीप्रमाणे अल्प मासिक रोकड, तिला जोडून धान्य किंवा शिधा, म्हणजे एका माणसाच्या जेवणापुरते पीठ, डाळ, मीठ, तेल असा कोरडा जिन्नस, आणि त्यावर सणावारी किंवा मुलाने अभ्यासाचा एखादा टप्पा ओलांडल्यावर मिळणारी वरकड, अशा तीन तुकड्यांची ती मिळकत होती.

या तीन तुकड्यांपैकी पगार कोणता आणि भेट कोणती, हे त्या काळच्या कोणालाही नेमके सांगता आले नसते. याचे कारण गावाच्या जुन्या अर्थव्यवस्थेत पंतोजीला मिळालेल्या विचित्र स्थानात आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी इत्यादी गावकामगारांना वर्षभराच्या सेवेबद्दल पीक खळ्यावर आले की ठरलेला वाटा मिळे. त्या वाट्याला बलुते म्हणत आणि तो वंशपरंपरागत हक्क असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारकाईचे वर्णन केले आहे ते मराठी वाचकांना परिचित आहे. बारा बलुतेदारांच्या रूढ याद्यांत प्रदेशागणिक थोडाफार फरक पडतो, परंतु पंतोजी त्यांत येत नाही. लोखंडाचा फाळ शेवटून देणाऱ्या लोहाराला जे हक्काने मिळे, ते अक्षर देणाऱ्या माणसाला मागून घ्यावे लागे. नांगर सर्व शेतकऱ्यांना हवा होता आणि मोडी अक्षर मोजक्याच घरांना हवे होते, हे त्यामागचे उघड व्यवहारी कारण. म्हणून पंतोजीचा शिधा हा गावाने दिलेला वाटा नसून घराघराने स्वतंत्रपणे केलेला करार होता, आणि कराराला लेखी आधार नसल्यामुळे तो सतत मानपानाच्या भाषेत बोलला जाई. मुलाच्या मुंजीत किंवा लग्नात पंतोजीला पागोटे अथवा धोतरजोडी मिळे, तेव्हा तो सन्मानही असे आणि थकबाकीची परतफेडही.

सणाची वरकड ‘पोस्त’ या नावाने ओळखली जाई. घरच्या नोकरचाकरांना सणानिमित्त जी बक्षिसी मिळते तिच्यासाठीच हा शब्द आजही दिवाळीत वापरला जातो, यावरून पंतोजीची सामाजिक जागा कोणाच्या शेजारी होती याचा अंदाज येतो. ज्याच्यापुढे मुलाने साष्टांग नमस्कार घालायचा त्याच माणसाला मुलाच्या बापाने गड्याप्रमाणे पोस्त द्यायची, ही विसंगती त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही. वऱ्हाडात पोळ्याच्या सणाला गड्याला, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार जाणाऱ्या मुलांना जो ‘बोजारा’ दिला जातो, तोही देण्याच्या याच कुळातला. वार्षिक कराराने राबणारा सालदार, बोजारा मागणारे मूल आणि पोस्त घेणारा पंतोजी यांना देण्याची तऱ्हा एकच होती. भेद होता तो फक्त नमस्कार कोणी कोणाला करायचा, एवढाच.

शिक्षकाला देण्याची उदात्त बाजू सांगणारी कथा मात्र दसऱ्याला जोडलेली आहे, आणि महाराष्ट्राच्या या सर्वांत मोठ्या देवघेवीच्या सणाचे मूळ लोकपरंपरेने गुरुदक्षिणेत शोधावे, ही बाब लक्षणीय आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणा देण्याचा हट्ट धरतो, तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरू आधी सांगतात आणि तो ऐकेनासा झाल्यावर चिडून चौदा विद्यांच्या हिशेबाने चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतात. कौत्स रघुराजाकडे जातो, रघू कुबेरावर चालून जाण्याची तयारी करतो आणि कुबेर त्याचे कोषागार सोन्याने भरून टाकतो. काव्यात आपट्याचे झाड नाही. सोन्याचा पाऊस आपट्यावर किंवा शमीवर पडला, दक्षिणा देऊन उरलेले सोने लोकांनी लुटले आणि तेव्हापासून आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, ही भर लोककथेने घातली. परंतु लोककथेने सोन्याच्या पावसावर भर देताना वरतंतूचा राग बाजूला सारला, हेही खरे. मूळ प्रसंगात गुरूला काही नको असते आणि देण्याचा आग्रह हाच शिष्याचा दोष ठरतो. मराठी शाळांतील पाटीपूजनात, जेव्हा एकच्या आकड्यांची नक्षी करून सरस्वती काढली जाते आणि मुले गुरुजींना आपट्याचे पान देऊन नमस्कार करतात, तेव्हा या कथेतील सुवर्ण पुन्हा पानाच्या किमतीवर येते, आणि हा उलटा प्रवास कदाचित वरतंतूला अधिक रुचला असता.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या गावी ज्ञानदानाची आणखी एक परंपरा रुजली होती, जिचे नियम याहून कडक होते. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू तेथे राहिले आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेच सिद्ध केला. या पंथाच्या आचारधर्मात संन्यस्त साधकाने भिक्षेवर निर्वाह करावा आणि संचय करू नये असा दंडक आहे. शास्त्र सांगणाऱ्याला शिष्याने काय द्यावे हा प्रश्न येथे जवळजवळ निकालात निघतो, कारण घेणाऱ्याने उद्यासाठी ठेवायचेच नसते. मात्र संन्याशाचा हा आदर्श कुटुंबवत्सल पंतोजीला परवडण्यासारखा नव्हता, आणि पुढील काळात शिक्षकाकडून अपेक्षा संन्याशाची करायची व मोबदला गड्याचा द्यायचा अशी जी सोयीस्कर सांगड समाजाने घातली, तिचे दोन्ही धागे वऱ्हाडच्या मातीत शेजारी शेजारी सापडतात.

अचलपूर ही इमादशाहीची राजधानी आणि बाळापूर हे मोगल अमदानीत महत्त्वाला आलेले ठाणे, यांसारख्या गावांत मकतब, म्हणजे कुराणपठण आणि फारसी-उर्दूचे प्राथमिक शिक्षण देणारी शाळा, ही पंतोजीच्या शाळेची समांतर संस्था होती. तेथील भेटीची रीत विशेष देखणी होती. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींविषयी लिहिलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ १८३२ साली लंडनला इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाला, आणि त्यात ईदेच्या सुमारास उस्ताद रंगीत किंवा सोनेरी शिडकाव्याच्या कागदावर सणाचे शेर लिहून ते विद्यार्थ्यांच्या हाती घरी पाठवतो, त्या कागदाला ‘ईदी’ म्हणतात आणि पालक त्या बदल्यात यथाशक्ती पैसे पाठवतात, असे वर्णन आहे. पंतोजीची पोस्त आणि उस्तादाची ईदी यांचा हिशेब एकच, पण ईदीत आधी शिक्षक काही देतो आणि मग घेतो. त्याचे सुंदर हस्ताक्षर घरात राहते आणि नाणे त्याच्या घरी जाते, त्यामुळे घेण्यात मिंधेपणा उरत नाही. आज मुले स्वतः तयार केलेले नाताळचे भेटकार्ड शिक्षिकेला देतात, त्याची नकळत उलटी आवृत्ती म्हणून या ईदीकडे पाहता येईल.

या सर्व व्यवस्थेला तडा गेला तो वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यानंतर. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, १८६६ साली प्रांताचे स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले, आणि अमरावती व अकोला येथे सरकारी हायस्कुले उभी राहिली. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने वऱ्हाडी कापसाला अपूर्व भाव आला आणि लगोलग नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने गावोगावी रोकड खेळू लागली. धान्याऐवजी नाण्यांत विचार करणारी ही नवी अर्थव्यवस्था आणि मासिक पगार घेणारा मास्तर एकाच सुमारास अवतरले, हा योगायोग नव्हे. खेड्यातील शाळेचा खर्च जमीन महसुलाबरोबर वसूल होणाऱ्या स्थानिक पट्टीतून आणि पुढे १८८५ च्या कायद्याने आलेल्या ग्रामीण मंडळांतून भागू लागला, म्हणजे शेतकरी शिक्षकाचा खर्च आधीच साऱ्यातून भरू लागला होता. तरीही त्याने शिधा पाठवला, तर तो आता पगार उरत नव्हता. मग तो काय होता?

सरकारचे उत्तर तयार होते, आणि ते शाळेसाठी घडलेलेच नव्हते. बंगालमधील नबाबांकडून कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अफाट नजराणे उकळल्यावर १७६५ साली क्लाइव्हने नोकरांकडून भेटी न घेण्याचे करार लिहून घेतले, १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने त्या बंदीला कायद्याचे रूप दिले, आणि १८६० च्या भारतीय दंडविधानाने लोकसेवकाने कामाबद्दल कायदेशीर वेतनाव्यतिरिक्त मोबदला घेणे हा गुन्हा ठरवला. लाखो रुपयांच्या नजराण्यांसाठी विणलेले हे जाळे शंभर वर्षांनी वऱ्हाडातील एखाद्या लोकल बोर्डाच्या मास्तराच्या ओसरीवर ठेवलेल्या चार पायली ज्वारीवर पडले. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. परंतु मास्तराचा पगार इतका तुटपुंजा ठेवला गेला की ज्वारीची गरज संपली नाही, संपली ती फक्त तिची प्रतिष्ठा. पूर्वी उजळ माथ्याने येणारा शिधा आता परड्याच्या दाराने येऊ लागला, आणि शिक्षकाच्या भेटीविषयीचा मराठी मनातील संकोच बहुधा या वळणावर जन्मला.

या संकोचाला दुसरीही एक बाजू होती, आणि ती अधिक बोचरी आहे. पंतोजीला शिधा देण्याचा मान ज्यांना होता ती मोजकी घरे होती; अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले आणि जवळजवळ सर्व मुली या देवघेवीच्या बाहेर होत्या. जोतीराव फुले यांनी १८६९ साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पद्यरचनेत आणि १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दाखवून दिले की सरकारी पगार सुरू झाला तरी शिक्षकाची मर्जी जातीच्या वाटेने चालते. शेतकऱ्याच्या साऱ्यातून पगार घेणारा मास्तर शेतकऱ्याच्याच मुलाला मागे बसवीत असेल, तर भेटीला बंदी घालून न्याय होत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. शिक्षकाला भेट देण्याविषयीच्या आजच्या चर्चेत ज्या मुलाचे पालक काही देऊ शकत नाहीत त्याचे काय, हा जो प्रश्न विचारला जातो, त्याची वंशावळ येथपर्यंत जाते.

नाताळाचा सण या कथेत सरकारी बाजूनेच शिरला. उत्तर हिंदुस्थानात आणि मध्य प्रांतांत डिसेंबरअखेरीस कनिष्ठ कर्मचारी, ठेकेदार आणि जमीनदार इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर फळे, भाजी, मिठाई आणि सुका मेवा यांनी भरलेली परडी पाठवीत, तिला ‘डाली’ म्हणत. अँग्लो-इंडियन शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशातही तिची नोंद आहे. भेटीवर एवढी बंदी असताना डाली कशी चाले? फुले, फळे आणि तत्सम नाशवंत क्षुल्लक वस्तूंना नियमांनी मुभा ठेवली होती, आणि त्या मुभेच्या फटीतून केवढे काय जाऊ शकते हे परडीच्या तळाशी ठेवलेल्या बाटल्यांवरून समजे. दरबारी नजराण्याची मोहोर अधिकारी नुसती बोटाने शिवून परत करी. डाली परत जात नसे. साहेबाचा सण हा हाताखालच्यांनी देण्याचा काळ, असा अर्थ नाताळाला प्रथम चिकटला तो येथे, आणि आजही वरच्या जागी बसलेल्या व्यक्तीला नाताळात काही द्यावे लागते ही भावना ज्यांना अस्वस्थ करते, त्यांच्या अस्वस्थतेत डालीची आठवण कुठेतरी मुरलेली असावी. एरवी शिकलेल्या वऱ्हाडकरांना नाताळ म्हणजे कचेऱ्या व न्यायालये बंद असण्याचा आठवडा एवढेच ठाऊक होते. राष्ट्रीय सभेची अधिवेशने याच सुट्टीत भरत आणि शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखालील १८९७ चे अधिवेशन डिसेंबरच्या अखेरीस अमरावतीत भरले ते याच सोयीने.

मिशनऱ्यांच्या शाळांत मात्र नाताळभेटीची दिशा उलटी होती. अमेरिकेतील अलायन्स मिशनने अकोला हे आपल्या कामाचे प्रमुख केंद्र केले, यवतमाळला फ्री मेथडिस्ट मिशन आले आणि अचलपूरजवळ कोरकू लोकांसाठी व कुष्ठरुग्णांसाठी काम करणारी मिशने उभी राहिली. अकोल्यात काम करणाऱ्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीविषयी लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने मिशनच्या अनाथगृहांत मुलांची संख्या एकाएकी फुगली. या मुलांकडे देण्यासारखे काही नव्हतेच. नाताळला शिक्षिकाच कपडा, खाऊ किंवा चित्र वाटीत, आणि ज्या वस्तू वाटल्या जात त्यांतील काही समुद्रापलीकडील मंडळ्यांनी वर्गणी करून पाठवलेल्या असत. म्हणजे एकाच डिसेंबरात एकाच शहरातील सिव्हिल लाइन्समध्ये डाली वर जात होती आणि मिशनच्या आवारात खाऊ खाली येत होता. आजची नाताळभेट मिशनच्या शाळेत दिली जात असली तरी तिचा प्रवाह डालीचा आहे, ही गोष्ट तिच्या पुरस्कर्त्यांना फारशी आवडणार नाही.

युरोपातही शिक्षकाला सणाची भेट ही मुळात पगाराचीच पुरवणी होती, हे येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. स्कॉटलंडमधील शाळांत २ फेब्रुवारीच्या कँडलमस या सणाला मुले शिक्षकाला पैसे नेऊन देत आणि सर्वांत जास्त देणाऱ्या मुलाला त्या दिवसाचा राजा ठरवले जाई. शिक्षकाचे वेतन अपुरे असल्याने या रकमेवर त्याची भिस्त असे. इंग्लंड आणि अमेरिकेत याउलट नाताळाच्या सुमारास मुले मास्तरालाच शाळेबाहेर कोंडून सुट्टी किंवा खाऊ कबूल करून घेत. पंतोजीच्या पोस्तीला मागास म्हणणाऱ्या साहेबाच्या स्वतःच्या गावी कँडलमसचा राजा निवडला जात होता.

विसाव्या शतकात वऱ्हाडात देण्याचा ओघ शिक्षकाकडून संस्थेकडे वळला. १८९८ साली पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत व वऱ्हाडचे शिक्षणमंत्री असताना श्री शिवाजी शिक्षण संस्था अमरावतीत आकाराला आली आणि तिच्या शाळा-वसतिगृहांमागे शेतकऱ्यांच्या देणग्या उभ्या राहिल्या. पंतोजीला शिधा देण्याची ज्यांना संधीच मिळाली नव्हती त्या समाजांनी आता थेट शाळाच द्यायला सुरुवात केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. याच जिल्ह्यात शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा स्वतःसाठी काही न स्वीकारता, आलेला पैसा धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळांकडे वळवीत होते. पाया पडू देण्यासही त्यांचा विरोध असे. जुन्या तऱ्हेची गुरुभेट टिकून राहिली ती आखाड्यांत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली आणि ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, व्यायामाला आधुनिक संस्थेचे रूप दिले. पण गावोगावच्या तालमींत वस्तादाला गुरुपौर्णिमेला नारळ, फेटा किंवा धोतर देण्याची रीत चालूच राहिली, कारण वस्तादाला पगार देणारे खाते कधी निघालेच नाही.

१९६२ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शिक्षक त्यांचे कर्मचारी बनले, आणि ५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस शिक्षक दिन म्हणून पाळण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी शिक्षक कल्याण निधीचे राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन होऊन शिक्षक दिनाचे छोटे ध्वज विकून निधी जमवला जाऊ लागला. शिधा आता सरकारी पावतीसह गोळा होत होता, एवढाच काय तो फरक. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६७ साली आणि राज्य कर्मचाऱ्यांचे १९७९ साली आले. लग्न, वर्धापन, धार्मिक कार्य अशा प्रसंगी रूढीनुसार मिळणाऱ्या भेटींना या धाटणीच्या नियमांत मर्यादित मुभा असते आणि ठरावीक किमतीपलीकडील भेट वरिष्ठांना कळवावी लागते. कायदा करणाऱ्यांना शाल-श्रीफळ आणि लाच यांतील सीमारेषा किमतीने आखावी लागली, कारण हेतू मोजण्याचे माप त्यांच्याकडे नव्हते.

लोकांनी याच्यावर स्वतःचा तोडगा काढला. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या शाळेत भिंतीवरील घड्याळावर, छताच्या पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर किंवा महापुरुषांच्या तसबिरीखाली रंगाने लिहिलेली ‘सप्रेम भेट’ ही अक्षरे, आणि त्यापुढे दहावीच्या तुकडीचे वर्ष, आढळते. निरोप समारंभाला मुलांनी वर्गणी काढून दिलेली ही वस्तू शिक्षकांच्या उपयोगाची असते पण कोणा एकाची नसते, निकाल लागण्याआधी दिलेली असली तरी तिच्यामुळे कोणाचे गुण वाढत नाहीत, आणि देणाऱ्यांत कोणी दोन रुपये दिले व कोणी वीस हे अक्षरांवरून कळत नाही. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून शाळांना दूरचित्रवाणी संच आणि संगणक दिले, ते याच रीतीचे मोठे रूप होय. कौत्स, पंतोजी आणि दंडविधान या तिघांनाही मान्य होईल असे उत्तर वऱ्हाडने कोणत्याही परिपत्रकाविना शोधले होते, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

नाताळभेटीचा प्रश्न या तोडग्याच्या कक्षेबाहेर पडतो, कारण तो ज्या शाळांत उद्भवतो तेथे शिक्षिकेच्या पोटाचा हिशेब पुन्हा धूसर झाला आहे. १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. अमरावती आणि अकोला येथील कॉन्व्हेंट शाळांना मध्यमवर्गात मोठी मागणी निर्माण झाली, आणि त्यांच्या धर्तीवर निघालेल्या खाजगी इंग्रजी शाळांनी नाताळचा तारा, गोठा आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज उचलला. त्यांतील कित्येक शाळांना सरकारी अनुदान नाही. अनुदानित शाळेतील कायम शिक्षकाला वेतनश्रेणी असते, तर २००० साली सुरू झालेल्या योजनेतील शिक्षणसेवकालाही तीन वर्षे मानधनावरच काढावी लागतात, जे प्राथमिक स्तरावर २०२३ पासून सोळा हजार रुपये झाले. विनाअनुदानित शाळेत तर वेतन हा संस्था आणि शिक्षिका यांच्यातील खाजगी करार होऊन बसतो. पालक भरपूर फी भरतो, त्यातले शिक्षिकेपर्यंत किती पोहोचते हे त्याला ठाऊक नसते, आणि पंतोजीच्या शिध्याप्रमाणेच भेटीने ती दरी आपल्या परीने बुजवण्याचा मोह त्याला होतो. त्याच वेळी मुलाचे अंतर्गत मूल्यमापन याच शिक्षिकेच्या हाती असल्याने डालीची शंकाही त्याला सोडत नाही. शिधा आणि डाली, दोन्ही एकाच वेष्टनात गुंडाळून आल्यामुळे ही भेट देणाऱ्यालाही आणि घेणारीलाही अवघड वाटते.

काय द्यावे याचे उत्तर म्हणूनच वस्तूंच्या दुकानात मिळत नाही. डायरी, पेन, कॉफीचा मग आणि प्लम केक यांपैकी काही निवडण्याआधी ते एकट्याने द्यायचे की वर्गाने मिळून, परीक्षेच्या आधी की नंतर, मुलाच्या हातून की पालकाच्या, हे ठरले तर वस्तूचा प्रश्न बराचसा सुटतो. डिसेंबरात वऱ्हाडच्या शेतांत ज्वारीचा हुरडा, तुरीच्या ओल्या शेंगा आणि हरभऱ्याचा घाटा असतो, मोर्शी-वरुडकडे आंबिया बहाराची संत्री निघत असतात. खेड्यातील शाळेत मूल अजूनही यांपैकी ओंजळभर काही गुरुजींसाठी आणते, सर्वांसमोर टेबलावर ठेवते आणि मधल्या सुट्टीत सारा वर्ग ते वाटून खातो. फूल नाही तर फुलाची पाकळी या न्यायाने चालणाऱ्या या देण्याला नाताळ, शिक्षक दिन किंवा दसरा असे कोणतेही निमित्त लागत नाही, आणि वर्तणूक नियमांतील फळाफुलांची मुभा बंगल्यावरील डालीपेक्षा खरोखर याच टेबलासाठी असायला हवी होती.